मोझेस आजींच्या चित्रांत काय नाही?

ग्रँडमा मोझेस म्हटलं की लोकांना आठवतं ते त्यांचं वय. पंच्याहत्तरीनंतर तैलरंग मनावर घेतले, कुठल्याही चित्रशाळेत न जाता दीड हजारांवर चित्रं काढली आणि १०१ वर्षं जगल्या. 'शिकायला वय नसतं' छापाच्या ढकलपत्रांतून त्या हमखास भेटतात. मला मात्र ही चित्रं इतिहासाचं साधन म्हणून बघायला आवडतात. आणि साधन म्हटलं की पहिला प्रश्न येतोच: विश्वास कितपत ठेवायचा?

आधी थोडी पार्श्वभूमी. अ‍ॅना मेरी रॉबर्टसनचा जन्म १८६० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनिच गावचा (न्यूयॉर्क शहर विसरा, हा व्हरमाँटच्या सीमेकडचा, डोंगर आणि शेतीचा मुलूख). ही दहा भावंडं. शेतकरी वडिलांना मुलांनी चित्रं काढलेली आवडायची. ते कोरे कागद आणून द्यायचे आणि ही पोर द्राक्षाचा नि रानफळांचा रस काढून ते रंगवायची. बाराव्या वर्षी मात्र ती लोकांच्या घरी कामाला लागली, ती १८८७ साली थॉमस मोझेसशी लग्न होईपर्यंत. पुढे व्हर्जिनियात शेती, १९०५ मध्ये परत न्यूयॉर्क राज्यात. दहा बाळंतपणं झाली, मुलं जगली पाच.

१९२७ मध्ये नवरा गेला. आजी लोकरीनं चित्रं विणायच्या, पण संधिवातानं सुई धरवेना, तेव्हा बहीण म्हणाली, रंगव की! १९३८ मध्ये हूसिक फॉल्समधल्या औषधाच्या दुकानाच्या काचेत लावलेली ही चित्रं लुई काल्डोर नावाच्या संग्राहकानं पाहिली आणि तीन ते पाच डॉलरला एक अशी विकत घेतली. (गडी पेशानं इंजिनिअर, हे इथे अभिमानानं नमूद करतो!) १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात आजींचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं.

आता चित्रांकडे येऊ. 'शुगरिंग ऑफ' हा त्यांचा लाडका विषय. हिवाळा सरताना मेपलच्या झाडांना भोकं पाडून रस गोळा करायचा, मोठ्या कढईत आटवायचा, आणि पोरांनी गरम पाक बर्फावर ओतून खायचा. थोडक्यात आपलं गुऱ्हाळच, फक्त बर्फातलं. बादल्या, कढई, बैल, कोण कुठे उभं आहे, सगळं बारकाईनं. हे ज्याच्या हातांनी केलंय त्यालाच सुचावं.

पण चित्रं काढली १९४० च्या दशकात. तोवर शेतात ट्रॅक्टर आले होते, रस्त्याकडेला टेलिफोनचे खांब होते. ते आजींनी सरळ गाळले. उलट १९०७ साली जळून गेलेलं 'चेकर्ड हाऊस', म्हणजे चौकटीचौकटीनं रंगवलेली जुनी खानावळ, त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा उभी राहते. आणखी काय गाळलं? लोकांची धुणीभांडी करणाऱ्या मुलीचा थकवा. आणि ती पाच मुलं.

म्हणजे आजी खोटारड्या का? मला तसं वाटत नाही. कामाची पद्धत, अवजारं, ऋतूंचा क्रम या बाबतीत मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवीन. 'तेव्हा सगळे किती आनंदात होते' यावर मात्र नाही. पण हे गाळणंसुद्धा पुरावाच आहे, फक्त वेगळ्या काळाचा. महामंदी आणि महायुद्ध पाहिलेल्या शहरी अमेरिकेला नेमकं असंच गाव हवं होतं. १९५० मध्ये ही चित्रं अमेरिकी सरकारच्या पाठबळावर युरोपभर फिरली, तेव्हा 'आम्ही मुळात असे साधे लोक' हेच जगाला सांगायचं होतं. एकाच फळीवर १८७० ची कढई आणि १९४५ ची भूक!

आपल्याकडेही 'आमच्या लहानपणी गावाकडे' सुरू झालं की दूधदुभतं, आमराई, भरलेला वाडा येतो. त्यातला तपशील लिहून ठेवा, तो सोन्यासारखा असतो. पण पुढच्या खेपेला आजीला हळूच हेही विचारा: पाणी कोण भरायचं? आणि तुम्ही भावंडं एकूण किती होतात?

असो. पुढच्या रविवारी भेटूच.