तळटीप : कलौंजी

* लेखकाने कलौंजीला ‘कांद्याचे बी’ म्हटले आहे. शहरी वाण्याकडे ते खपून जाईल. लासलगाव-निफाडचा शेतकरी मात्र हसेल. त्याचे उळे, म्हणजे खरे कांद्याचे बी, डोंगळ्यांच्या गोंड्यांतून झडते. तेही काळे, कोनदार. पण चुरडून पाहिल्यास कलौंजीचा उग्र वास येत नाही. कलौंजीचे शास्त्रीय नाव ‘निगेल्ला सतिवा’. लॅटिन ‘निगेर’ म्हणजे काळा. ‘सान’वरून सानुला, सानुली, सानुले, तशी त्याची लघुत्वदर्शक रूपे निगेल्लुस, निगेल्ला, निगेल्लुम. नावात स्त्रीलिंगी रूप आले, म्हणून पुढे ‘सतिवा’, म्हणजे लागवडीची. लसणाचे ‘आलियुम’ नपुंसकलिंगी, म्हणून तेथे हेच विशेषण ‘सतिवुम’ होते. कांदा त्याच ‘आलियुम’चा, लसणाचा सख्खा; कलौंजीशी त्याचे कुळही जुळत नाही. — संपा.