मोकळी हवा आणि शेजार



शहराबाहेरच्या नव्या वस्तीत घर पाहून गृहस्थ परत आला म्हणजे घरची मंडळी त्याला दोन प्रश्न विचारतात. जागा कशी आहे, आणि शेजार कसा आहे? पहिल्याचे उत्तर तो उत्साहाने देतो. खिडक्या किती, वारा कुठून येतो, दारापुढे झाड आहे की नाही, हे सारे हातवारे करून सांगतो. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र त्याचा आवाज थोडा खाली येतो. हे दोन्ही प्रश्न आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की, ते सनातन काळापासून चालत आले असावेत असे वाटते. वस्तुतः ते फार जुने नाहीत. होळकरांच्या इंदुरात किंवा गायकवाडांच्या बडोद्यात सामान्य माणूस शेजार निवडीत नसे. आडनाव जसे जन्माबरोबर मिळते, तशी पेठ मिळे, आळी मिळे आणि शेजारही मिळे. मोकळी जागा म्हणजे वाड्याचा चौक. तो वाडवडिलांनी ठेवला असेल तेवढा. हे दोन्ही निवडून घेण्याची पाळी आपल्याकडे पुष्कळ लोकांवर एकदम आली, ती एका रोगामुळे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात काही माणसे विलक्षण तापाने मरू लागली. तो ताप म्हणजे गाठीचा प्लेग आहे, हे ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्यातील बार्देशचे, हडफडे गावचे. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. लोकांनी बोचकी बांधली आणि मिळेल त्या गाडीने, गलबताने गावाचा रस्ता धरला. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लक्ष एकवीस हजार होती. दहा वर्षांनी ती सात लक्ष शहात्तर हजारांवर उतरलेली दिसते. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटावी, एवढ्यावरूनच त्या भयाची कल्पना येईल.

रोगाचे मूळ उंदरावरच्या पिसवेत आहे, ही गोष्ट सर्वमान्य व्हावयास अजून काही वर्षे जावयाची होती. त्या वेळच्या अधिकाऱ्यांची समजूत अशी की, रोग राहतो तो अंधाऱ्या, कोंदट, माणसांनी खचाखच भरलेल्या खोल्यांत. समजूत अर्धवट होती. परंतु पुढची नवी मुंबापुरी उभी राहिली ती तिच्याच पायावर. १८९८ साली कायदा होऊन मुंबईत ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. त्याच साली लंडनमध्ये एबेनेझर हॉवर्ड या लघुलेखकाने आपले उद्यान-नगरांविषयीचे पुस्तक छापले. शहराचा संग आणि खेड्याची हवा ही दोन्ही एकाच ठिकाणी मिळावीत, असा त्याचा मनोदय. मुंबईच्या ट्रस्टला मात्र आधी पाडापाडीचे काम होते. नागपाड्यासारख्या भागांतली दाट घरे पाडून त्याने रुंद रस्ते काढले. आणि जी माणसे त्या घरांत राहत होती ती गेली कुठे? पुष्कळशी शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. तेव्हा ट्रस्टची दृष्टी उत्तरेकडे वळली. दादर, माटुंगा, शीव या बाजूला तेव्हा भातशेते होती, माडांच्या वाड्या होत्या. तिथे रस्ते आखून, भूखंड पाडून, शहरातल्या मध्यम वर्गाला बोलवावे असा बेत ठरला.

या नव्या वस्तीसाठी ट्रस्टने मोकळ्या जागेचे माप मोठ्या काटेकोरपणे ठरविले होते. ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी ज्या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. तळमजल्याच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेघ ओढली असे समजा. त्या रेघेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असता कामा नये. गणिताच्या भानगडीत न पडता सांगावयाचे तर समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये निदान वीस फूट जागा मोकळी हवी. एवढी सोडली म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसतो. मला हा नियम फार आवडतो. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात उजेड किती असावा हे कोणी ठरवीत नव्हते. इथे कारकुनाच्या स्वयंपाकघरापुरते आकाश मोजून ठेवले होते.

आणि तरीही लोक येईनात! वर्षानुवर्षे पुष्कळ भूखंड ओसच पडून राहिले. ट्रस्टच्या कोनात हवा मोजता येत होती, उजेड मोजता येत होता. शेजार मोजता येत नव्हता. गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला तिथल्या अंधाराची चीड होती, हे खरे. परंतु त्याच चाळीत उसने दूध मिळे, आजारपणात रात्री दार ठोठावता येई, मुलगी एकटी घरी असली तरी काळजी नसे. देऊळ जवळ, शाळा जवळ, किराणावाला ओळखीचा. हे सारे सोडून, कोल्हे ओरडणाऱ्या माळावर केवळ हवेसाठी कोण जाणार? ट्राम दादरपर्यंत आली, पुढे माटुंग्याच्या किंग्ज सर्कलपर्यंत गेली; त्यामुळे येणे-जाणे सोपे झाले, पण मनाची अडचण ट्रामने सुटत नाही.

ती सुटली निराळ्याच रीतीने. माणसे एकेकटी न येता समूहाने आली. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी एडलजी जोशी या पारशी गृहस्थांनी आपल्या समाजातील बेताच्या मिळकतीच्या लोकांसाठी दादरला एकशे तीन भूखंड राखून घेतले. घरे तळमजला आणि वर दोन मजले, त्याहून उंच नाहीत. रस्त्या-रस्त्याला निरनिराळी झाडे. जवळच पाच उद्याने झाली. आजही तिथून चालत गेले तर डोक्यावर सावली असते. शेजारीच हिंदू कॉलनी वाढली, आणि माटुंग्याला दक्षिणेकडची मंडळी आपल्या खानावळी आणि देवळे घेऊन वसली. गावदेवीला तर याआधीच, १९१५ साली, श्रीपाद सुब्राव तलमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून दाखविली होती. सहकाराच्या तत्त्वाने घरे बांधण्याचा आपल्याकडचा तो पहिला मोठा प्रयोग. घरमालक नाही, भाडेकरू नाही. सभासदच मालक आणि सभासदच शेजारी.

या नव्या घरांना बाग क्वचितच मिळाली. विलायतेतल्यासारखे बंगले मनात होते, प्रत्यक्षात उभे राहिले ते तीन मजली फ्लॅट. पण फ्लॅटमध्ये एक गोष्ट आली, तिची किंमत चाळीत राहिलेल्यालाच कळेल. नळ घरात आला आणि संडासही घरात आला. पहाटे हातात डबा घेऊन रांगेत उभे राहणे संपले. त्याबरोबरच सज्जातल्या गप्पाही संपल्या. दार लावून घेता येणे ही सोय आहे, तशीच ती सवयही होते. म्हणून ज्याच्या दारावर दार येणार तो निदान आपल्या भाषेचा, आपल्या चालीरीतींचा असावा, असे त्या पिढीला वाटले असेल, तर त्यात नवल नाही. अनोळखी माळावर घर करणाऱ्याला काहीतरी ओळखीचे हवे असते.

परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती पाहण्यासाठी आपल्याला मुंबई सोडून बडोद्यास यावे लागेल.

प्लेगनंतर नगररचनेचे वारे संस्थानांतूनही वाहू लागले होते. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि गावोगाव हिंडून त्यांनी शहरांच्या सुधारणेचे अहवाल लिहिले. बडोद्याचा अहवाल १९१६ चा, इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ चा. सरळ रस्त्यासाठी जुनी वस्ती उभी कापून काढणाऱ्या अभियंत्यांवर त्यांचा मोठा राग होता. नेमकी पडकी भिंत काढा, तेवढ्या जागेत झाड लावा, बाकीच्या शेजाराला हात लावू नका, असे त्यांचे सांगणे. चौकातली नीट राखलेली तुळस पाहून ते त्या घराच्या आरोग्याची परीक्षा करीत. इंदुरात दिवाळीच्या सुमारास त्यांनी मोठी मिरवणूक काढली. ती ज्या रस्त्यांवर घरे अधिक झाडून-पुसून, डागडुजी करून ठेवलेली असतील त्या रस्त्यांनी जाईल, असे आधीच जाहीर केले. मग काय, आळी-आळीत चुरस लागली! मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. शेजाऱ्यांना एकत्र आणण्याची अशी युक्ती कोनमापकवाल्यांना सुचली नसती.

गेडिस यांचा बडोद्याचा अहवाल होऊन एक वर्ष झाले होते. १९१७ च्या सप्टेंबरात परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण बडोद्याच्या स्थानकावर उतरला. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तो शिकला होता आणि कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यास आला होता. नोकरी होती; राहावयास जागा नव्हती. भीमराव आंबेडकर हे नाव आणि त्यामागची जात कळल्यावर हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. रोजचा दर दीड रुपया.

त्या जागेचे वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, तिला लागून न्हाणीघर आणि बाकीचा सारा मोठा दालनभर मोडक्या खुर्च्यांचा आणि फळकुटांचा ढीग. विजेचा दिवा नाही. रखवालदार एक कंदील आणून ठेवी, त्याचा उजेड चार बोटे पलीकडे जात नसे. सबंध मजल्यावर दुसरा माणूस नाही. जागेची टंचाई मुळीच नव्हती, पाहा! बोलावयास माणूस मिळावा म्हणून जीव आसुसे, आणि त्या एकाकीपणावर उतारा म्हणून ते वाचीत बसत. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसे जिना चढून आली. आमची जागा बाटविलीस, संध्याकाळपर्यंत चालता हो, असे त्यांनी बजाविले. आंबेडकरांनी आठ दिवसांची मुदत मागितली; मिळाली नाही. एका हिंदू मित्राकडे गेले. तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. त्याने पत्नीला विचारून सांगतो म्हटले, आणि मग नकार कळविला. मुंबईची गाडी रात्री नवाला होती. तोपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. विश्वामित्रीच्या काठची ती बाग सयाजीरावांच्या कारकीर्दीत सर्वांसाठी केलेली. बडोद्यातली सर्वांत मोकळी, सर्वांत हवेशीर जागा त्यांना मिळाली. घर मिळाले नाही.

मी जी दुसरी बाजू म्हटली ती ही. शेजार निवडणाऱ्याच्या हाती जे माप असते, तेच दुसऱ्याच्या दाराची कडी होते.

मुंबईस आंबेडकर परळच्या चाळीत राहत. ती चाळही त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेली, पण गिरणी कामगारांच्या वस्तीत. तिथे शेजार मात्र भरपूर होता. त्याच दोन खोल्यांत संसार, त्याच खोल्यांत अभ्यास. बॅरिस्टर झाल्यावर, गोलमेज परिषदांना जाऊन आल्यावरही काही काळ त्यांचे बिऱ्हाड तिथेच होते. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले आणि मगधाच्या राजधानीवरून त्याचे नाव ‘राजगृह’ ठेवले. वरचा मजला ग्रंथांसाठी. ट्रस्टच्या चाळीतून ट्रस्टच्या उपनगरात आलेली कुटुंबे शेकड्यांनी असतील, परंतु केवळ पुस्तकांना जागा हवी म्हणून आलेले बिऱ्हाड बहुधा हेच. वस्तीच्या नावात धर्म होता, आणि त्या धर्माने ज्याला आपल्या विहिरीपासून दूर ठेवले त्याचे घर त्याच वस्तीत उभे राहिले. ट्रस्ट स्वतः १९३३ साली महापालिकेत विलीन झाला.

शेजार कोणी निवडावा, हा वाद मात्र मिटला नाही. गुजरातेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा तिचा नियम न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. सहकारी संस्थेला आपले सभासद ठरविण्याची मोकळीक असावी, हा युक्तिवाद मान्य झाला. तलमकी आणि मंचेरजी जोशी यांची कळकळ आठवली की, त्या युक्तिवादातले तथ्य मला दिसते. माळावर वस्ती वसविणाऱ्यांना त्या आधाराची गरज होती. परंतु वस्ती वसून शंभर वर्षे झाली, झाडांनी रस्ता झाकला, तरी तोच नियम लागू असावा का, याचे उत्तर मला निकालपत्रात सापडत नाही.

बडोद्यात कामाठी बागेला आता सयाजीबाग म्हणतात. आंबेडकर त्या दिवशी ज्या वडाखाली बसले होते असे सांगतात, त्या जागेला संकल्पभूमी हे नाव मिळाले आहे. २३ सप्टेंबरला तिथे दूरदूरची माणसे येतात, फुले वाहतात, आणि दिवस मावळला म्हणजे पुष्कळजण स्थानकाकडे जातात. मुंबईची गाडी गाठावयाची असते.