बंदी न घातलेला अल्बम: स्लेयर, मुंबई २००६ आणि बेंगळुरू २०१२

२० ऑक्टोबर २०१२ रोजी बेंगळुरूच्या उत्तर भागातील भारतीय सिटी येथे स्लेयर या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला. त्याच्या बरोबर सहा वर्षे आधी, ऑक्टोबर २००६ मध्ये, याच बँडचा 'क्राइस्ट इल्यूजन' हा अल्बम भारतातील दुकानांमधून परत मागवला गेला आणि शिल्लक प्रती नष्ट करण्यात आल्या. सहा वर्षांत कायदा बदलला नव्हता. मग जे २००६ मध्ये दुकानात ठेवता आले नाही, ते निर्माण करणारा बँड २०१२ मध्ये राजरोस मंचावर कसा उभा राहिला? या पाठात आपण हा प्रश्न हाताशी ठेवून वाचणार आहोत.

आधी अल्बमकडे पाहू. तो अमेरिकेत ८ ऑगस्ट २००६ रोजी प्रसिद्ध झाला. निर्माता जॉश एब्राहम, तर कार्यकारी निर्माता रिक रुबिन. ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डो १९९० नंतर प्रथमच बँडच्या स्टुडिओ अल्बमवर वाजवत होता, त्यामुळे जुने श्रोते आधीच उत्सुक होते. पहिल्याच आठवड्यात अल्बम 'बिलबोर्ड २००' यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचला. मुखपृष्ठ लॅरी कॅरोल यांचे. १९८० च्या दशकातील स्लेयरची गाजलेली मुखपृष्ठे त्यांचीच होती. या चित्रात हात तुटलेला, एक डोळा नसलेला ख्रिस्त रक्ताच्या पाण्यात उभा आहे. भारतापूर्वीच अमेरिकेत त्यावर कुरबुर झाली होती. कॅलिफोर्नियातील फुलरटन शहरात बसथांब्यांच्या बाकांवर लावलेल्या जाहिराती काढाव्या लागल्या, आणि हे चित्र ठेवायला नाखूश असलेल्या दुकानदारांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्तीही काढली गेली.

हे लक्षात ठेवा, कारण 'आपल्याकडचे लोकच तेवढे हळवे' असा निष्कर्ष घाईने काढण्याचा मोह होतो. याच बँडचा १९८६ चा 'रेन इन ब्लड' बाजारात आणायला खुद्द अमेरिकेत कोलंबिया कंपनीने नकार दिला होता. नाझी डॉक्टर मेंगेलेवरचे एक गाणे आणि मुखपृष्ठ ही त्याची कारणे. पुढे गेफेनने तो काढला. म्हणजे कंपनीने माघार घेणे हा प्रकार या संगीताच्या इतिहासात मुंबईपासून सुरू होत नाही. फरक आहे तो माघारीनंतर काय उरले याचा: तिकडे दुसरी कंपनी पुढे आली, इकडे कोणी आले नाही.

आता गाणी. वाद मुख्यतः दोन गाण्यांवर झाला. 'स्केलेटन क्राइस्ट' ख्रिस्ती श्रद्धेवर उघड हल्ला करते. 'जिहाद' हे ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला हल्लेखोराच्या तोंडून सांगते. यातली दुसरी गोष्ट नीट समजून घ्या. गाण्यातला 'मी' म्हणजे गायक नव्हे. आपल्याकडे नाटकातला खलनायक रंगमंचावर काय बोलतो यावरून नटाला कोणी अटक करा म्हणत नाही. पण गाण्याच्या बाबतीत हा भेद श्रोत्याच्या मनात सहज पुसला जातो. गायक टॉम अराया स्वतः कॅथलिक आहे, तर गिटारवादक केरी किंग नास्तिक. एकाच बँडमध्ये ही दोन टोके होती. याच अल्बमवर युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या मनोविकाराबद्दलचे 'आईज ऑफ द इन्सेन' हे गाणे आहे. त्याला फेब्रुवारी २००७ मध्ये ग्रॅमी मिळाले, म्हणजे भारतात प्रती नष्ट झाल्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी. माझ्या मते अल्बममधले हेच सर्वांत टिकाऊ गाणे, पण वादात त्याचा उल्लेख जवळजवळ नव्हता.

मुंबईतील कॅथलिक सेक्युलर फोरम या संघटनेने, तिचे जोसेफ डायस यांच्या पुढाकाराने, पोलीस आयुक्तांना निवेदन दिले. तक्रारीचा युक्तिवाद पाहण्यासारखा आहे: 'स्केलेटन क्राइस्ट' हा ख्रिस्ती लोकांचा अपमान, तर 'जिहाद'मुळे मुस्लिमांच्या आणि सर्व धर्मांचा आदर करणाऱ्या भारतीयांच्याही भावना दुखावतात. २००१ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती समाज देशात सुमारे २.३ टक्के होता. इतक्या लहान समाजाच्या संघटनेने आपल्या तक्रारीत दुसऱ्या अल्पसंख्य समाजालाही सामावून घेतले, हे राजकीयदृष्ट्या चतुर होते. त्याच वर्षी मे महिन्यात 'द दा विंची कोड' या चित्रपटावरून याच वर्तुळात आंदोलन झाले होते. तो चित्रपट काही राज्यांनी रोखला, आणि आंध्र प्रदेश व तमिळनाडूतील बंदी त्या-त्या उच्च न्यायालयाने उठवली.

इथे चित्रपट आणि अल्बम यांची वाट वेगळी होते. चित्रपटाला १९५२ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र लागते. त्यामुळे निर्मात्याच्या हाती एक सरकारी कागद असतो आणि बंदी आली तर तो घेऊन न्यायालयात जाता येते. ध्वनिमुद्रिकेला असे प्रमाणपत्र लागत नाही. वरवर पाहता हे जास्त स्वातंत्र्य वाटते. प्रत्यक्षात तक्रार आली की कंपनीच्या हाती ढाल म्हणून काहीच नसते. त्या काळी समोर उरत असे ते तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचे कलम २९५अ. लाहोरमधील 'रंगीला रसूल' या पुस्तिकेचा प्रकाशक सुटल्यानंतर उठलेल्या वादळातून ते १९२७ मध्ये आले. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होती आणि गुन्हा अजामीनपात्र होता. 'जाणूनबुजून व दुष्ट हेतूने' केलेला अपमानच त्यात बसे, असे कलमाचे शब्द सांगत होते, आणि १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर कलम वैध ठरवले. पण हेतू सिद्ध होतो की नाही हे खटल्याच्या शेवटी ठरते. कंपनीच्या अधिकाऱ्याला अटकेची भीती पहिल्याच दिवशी असते.

ईएमआय इंडियाने खटल्याची वाट पाहिली नाही. कंपनीने फोरमची माफी मागितली, माल परत मागवला, नष्ट केला आणि पुन्हा काढण्याचा विचार नसल्याचे सांगितले. उत्तरपत्रिकेत 'या अल्बमवर भारतात बंदी आली' असे लिहाल तर ते चूक ठरेल. जप्तीचा आदेश नव्हता, निकाल नव्हता. तुलनेसाठी महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील पुस्तक प्रकाशकाने नोव्हेंबर २००३ मध्ये आपण होऊन मागे घेतले. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि मग सरकारने बंदी घातली. सरकारचा आदेश होता म्हणूनच त्याला आव्हान देता आले: मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. 'क्राइस्ट इल्यूजन'च्या बाबतीत आव्हान द्यायचे तर कशाला? कंपनीला स्वतःचा माल नष्ट करण्याचा पूर्ण हक्क होता. हेवी मेटल हा तिच्या भारतातल्या धंद्याचा लहानसा भाग. त्यासाठी कोण कोर्टाची पायरी चढणार!

मार्च २००७ मध्ये, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांनी, बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडनचा मोठा कार्यक्रम झाला. १९८२ च्या एका अल्बमवरून अमेरिकेत धार्मिक गटांनी त्यांनाही सैतानपूजक म्हटले होते. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तिथेच मेटालिका वाजले. दरम्यान बेंगळुरूत पब, महाविद्यालयीन महोत्सव आणि स्थानिक बँड यांमुळे या संगीताला जाणता श्रोतृवर्ग तयार झाला होता. कार्यक्रमाचा आयोजक तिकिटाच्या पैशावर उभा असतो. श्रोता हाच त्याचा आधार. दुकानातल्या सीडीच्या मागे असा कोणी उभा नव्हता. शिवाय मुखपृष्ठ फलकावर, दुकानाच्या काचेत कोणालाही दिसते. मैदानातले गाणे तिकीट काढलेल्यांनाच ऐकू येते.

२०१२ च्या त्या रात्री जेफ हॅनेमन मंचावर नव्हता. आजारपणामुळे त्याच्या जागी गॅरी होल्ट वाजवत होता. हॅनेमन मे २०१३ मध्ये वारला.

या विषयावर प्रकल्प करायचा असेल तर सुरुवात निकालपत्रांच्या संग्रहात करू नका, तिथे काही सापडणार नाही. ऑक्टोबर २००६ ची मुंबईची वर्तमानपत्रे काढा, अल्बमची दोन्ही मुखपृष्ठे शेजारी ठेवा, आणि त्या काळी सीडी विकणाऱ्या एखाद्या दुकानदाराला विचारा की परत पाठवायचा माल त्याने कसा मोजला होता.