बेस चोरीचे विक्रमवीर

बेसबॉलमध्ये एका बेसवरून पुढचा बेस ९० फुटांवर असतो. पिचरने चेंडू टाकायला सुरुवात करताच धावपटू पळत सुटतो आणि कॅचरची फेक पोचायच्या आत घसरत पुढचा बेस गाठतो. हीच बेस चोरी. १८९८ पूर्वी तिची मोजणी वेगळी होती, त्यामुळे त्याआधीचे आकडे आजच्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

टाय कॉबने १९१५ मध्ये ९६ चोऱ्या केल्या. पुढे लांब फटक्यांचे दिवस आले आणि ही कला मागे पडली. तिला पुन्हा मान मिळवून दिला डॉजर्स संघाच्या मॉरी विल्सने. १९६२ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर त्याला रोखण्यासाठी पहिल्या बेसजवळची माती वाळू घालून भुसभुशीत केली होती, वर भरपूर पाणी मारले होते. पंचांनी ती उपसायला लावली. प्रतिस्पर्ध्याच्या धास्तीची याहून बोलकी खूण नसेल. विल्सने त्या हंगामात १०४ चोऱ्या केल्या.

१९७४ मध्ये लू ब्रॉक ११८ वर पोचला. १९८२ मध्ये ओकलंडच्या रिकी हेंडरसनने १३० चोऱ्या केल्या. त्या हंगामात तो ४२ वेळा बादही झाला, पण धोका पत्करणे त्याने सोडले नाही. व्हिन्स कोलमनने १९८५ पासून सलग तीन हंगामांत शंभरी ओलांडली. २०२३ मध्ये बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला, म्हणजे धावायचे अंतर थोडे घटले, तरी रोनाल्ड अकुन्याच्या ७३ चोऱ्याच त्या वर्षी सर्वाधिक ठरल्या. हेंडरसनचा विक्रम आजही अबाधित आहे.