जप्त केलेले फोटो आणि जाळायची राहून गेलेली प्रत

सरकारी दफ्तरांतून आणि जुन्या छायाचित्रांतून अमेरिकेचा इतिहास कसा वाचायचा, हा आपला विषय आहे. आज त्यातलं एकच प्रकरण घेऊ, पण जरा सावकाश बघू.

सुरुवात एका फोटोपासून करू. मार्च १९४२. कॅलिफोर्नियातलं ऑकलंड शहर, फ्रँकलिन रस्त्यावरचं एक किराणा दुकान. दुकान बंद आहे. दर्शनी भागावर ठळक अक्षरांत भली मोठी पाटी आहे : ‘आय अ‍ॅम अ‍ॅन अमेरिकन’. मी अमेरिकन आहे. आता या फोटोसोबतची सरकारी नोंद वाचली की कळतं, ही पाटी लागली ८ डिसेंबर १९४१ ला. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दुकानदार जपानी वंशाचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर. लढाई संपेपर्यंत त्याला छावणीत ठेवण्यात येईल, असंही नोंदीत लिहिलेलं आहे. म्हणजे बघा, नुसता फोटो अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी त्या चार ओळींत असते. दफ्तरातला फोटो नोंदीशिवाय वाचायचा नाही, हा आपला पहिला नियम.

आता मागचा संदर्भ थोडक्यात. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा आदेश काढला. आदेशात ‘जपानी’ हा शब्दसुद्धा नाही. लष्कराला ठराविक प्रदेशातून कोणालाही बाहेर काढण्याचा अधिकार दिला, एवढंच. पण त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरं सोडावी लागली. त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे जन्मानेच नागरिक होते. त्यांच्या आईवडिलांना मात्र तिथला कायदा नागरिक होऊच देत नव्हता. भारतीयांनाही हाच अनुभव आला होता, १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात. आणि ज्या हवाईवर प्रत्यक्ष हल्ला झाला, तिथे जपानी वंशाचे लोक एक तृतीयांशाहून जास्त असूनही सरसकट हद्दपारी झाली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या कामासाठी सरकारने ‘वॉर रिलोकेशन ऑथॉरिटी’ नावाचं खातं काढलं आणि त्या खात्याने फोटोग्राफर नेमले. त्यातल्या एक डोरोथिया लँग. मंदीच्या काळात, १९३६ साली, त्यांनी काढलेला ‘मायग्रंट मदर’ हा फोटो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सरकारला हवी होती कामाची रीतसर नोंद : सगळं शिस्तीत, माणुसकीने चाललंय याची. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, बंदूकधारी शिपाई यांचे फोटो काढायला मनाई होती.

मग लँग यांनी काय टिपलं? त्यांनी छावणीच्या आधीचं आयुष्य टिपलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळेत छातीवर हात ठेवून अमेरिकन झेंड्याला वंदन करणाऱ्या मुली. स्वतःची शेतं, स्वतःची दुकानं. हेवर्ड गावात बसची वाट बघत उभं असलेलं एक कुटुंब : सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातलेत आणि लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत प्रत्येकाच्या कोटाला नंबराचं लेबल अडकवलंय, सामानाला लावतात तसं. टॅनफोरान इथलं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, जिथे तबेल्यांत माणसांची सोय केली होती. एकही तार न दाखवता जे सांगायचं ते सांगून झालं.

वरिष्ठांच्या हे लक्षात आलं नसेल असं नाही. लष्कराने हे फोटो युद्धकाळात बाहेर येऊ दिले नाहीत. काही प्रतींवर चक्क ‘जप्त’ असा शेरा आहे. पण, आणि ही गंमत बघा, ते नष्टही केले नाहीत. ते रीतसर नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे १९३४ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात, जमा झाले. त्या खात्याच्या कागदपत्रांचा गट क्रमांक २१०. यातले काही फोटो पहिल्यांदा लोकांसमोर आले ते १९७२ च्या एका प्रदर्शनात, तीस वर्षांनी.

आता कॅमेऱ्यामागे कोण आहे याने किती फरक पडतो, तेही पाहू. कॅलिफोर्नियातल्याच मँझनार छावणीत १९४३ साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स गेले. त्यांच्या फोटोंत हसरे, कष्टाळू चेहरे आणि मागे भव्य डोंगर. ही माणसं निष्ठावान आहेत हे त्यांना लोकांना पटवायचं होतं. ते फोटो आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्याच छावणीत तोयो मियाताके नावाचे फोटोग्राफर स्वतः कैदेत होते. कैद्यांना कॅमेरा बाळगायला बंदी. त्यांनी लपवून एक भिंग आत नेलं आणि लाकडाचा डबा करून त्याचा कॅमेरा बनवला. तारेमागे उभी असलेली तीन मुलं, हा फोटो त्यांचा. छावणी एकच, पण एक सरकारी नोकर, एक पाहुणा आणि एक कैदी, आणि तिघांचे फोटो तीन तऱ्हांचे. फोटो खोटं बोलतो का, यापेक्षा तो कोणाच्या परवानगीने काढला, हे विचारणं जास्त उपयोगाचं.

फोटोंनी वेदना दाखवली. पण अन्याय कोर्टात सिद्ध करायला कागद लागतो. तिकडे वळू.

१९४४ साली फ्रेड कोरेमात्सू यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. सरकारचं म्हणणं होतं : निष्ठावान कोण आणि धोकादायक कोण, हे तपासायला वेळच नव्हता. पुढे जवळजवळ चाळीस वर्षं हेच चालत आलं.

आयको हर्झिग-योशिनागा या बाई तरुणपणी मँझनारमध्ये कैदेत होत्या. शिक्षणाने इतिहासकार नव्हत्या. वॉशिंग्टनला राहायला आल्यावर त्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जाऊन बसू लागल्या, आधी स्वतःच्या कुटुंबाची फाइल बघायला म्हणून. मग वर्षानुवर्षं त्या हजारो कागद चाळत राहिल्या. १९८२ साली तिथल्या एका टेबलावर त्यांना एक बांधीव अहवाल दिसला. जनरल डीविट यांच्या अंतिम अहवालाची मूळ प्रत. छापील अहवालाशी त्यांनी ती ताडून पाहिली. मूळ मजकुरात वेळ कमी पडल्याचं कारण नव्हतंच. या वंशाच्या लोकांत निष्ठावान आणि धोकादायक वेगळे करणं मुळातच अशक्य आहे, असं तिथे म्हटलं होतं. म्हणजे प्रश्न वेळेचा नव्हता, वंशाचा होता. हवाईचा मुद्दा आठवा. कोर्टात हे टिकणार नाही म्हणून मजकूर बदलला, आधीच्या प्रती परत मागवून नष्ट केल्या, आणि कच्चा मजकूर जाळल्याचा दाखलाही फाइलला लावून ठेवला. एक प्रत तेवढी राहून गेली.

त्याच सुमारास पीटर आयरन्स या अभ्यासकाला न्यायखात्याच्या फायलींत सरकारी वकिलांच्याच टिपणी मिळाल्या. नौदलाच्या गुप्तचरांचा सरसकट हद्दपारीला विरोध होता आणि ही गोष्ट कोर्टापासून दडवली जात आहे, अशी ताकीद त्यांत होती. या पुराव्यांवर १९८३ साली कोरेमात्सू यांची शिक्षा रद्द झाली. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर मंजूर केले. तोवर अनेक जण हे जग सोडून गेले होते.

जाता जाता एक शब्दांची गोष्ट. कागदोपत्री या सगळ्याला ‘इव्हॅक्युएशन’ म्हटलंय. पूर आला की लोकांना हलवतात, तोच शब्द. छावणीला ‘रिलोकेशन सेंटर’. दफ्तरात शोध घेताना तुम्हाला सरकारचेच शब्द घालावे लागतात, नाहीतर हाती काही लागत नाही. पण लिहिताना ते जसेच्या तसे उचलायचे की नाही, हे आपण ठरवायचं.

यातले बहुतेक फोटो आज घरबसल्या पाहता येतात. लँग यांचे फोटो सरकारी नोकरीत काढलेले असल्यामुळे त्यांवर कोणाचा हक्कही नाही. जरूर बघा. आधी फोटो बघा, मग नोंद वाचा, आणि मग पुन्हा एकदा फोटो बघा. प्रश्न असतील तर आता घेऊ.