न्हावा शेवा, घाना आणि एक ऑप्शन फॉर्म

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. ना संप, ना वादळ. युक्रेनमध्ये हिशेब आणि करासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला ‘नॉटपेट्या’ मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट उरण तालुक्यात पोहोचला होता. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत ही बातमी पहिल्यांदा कळली ती खालच्या मजल्यावर. तिथले गृहस्थ कंटेनरचा ट्रेलर चालवतात.

यंदा त्यांची मुलगी बारावी झाली. ‘काका, मला सायबर सिक्युरिटीत जायचंय. डिग्री कुठली घेऊ?’ मी इतिहासाचा माणूस; जुने कागद उलगडत बसलो.

पदवी या कामापेक्षा बरीच धाकटी निघाली. १९८६ साली ७५ सेंटच्या तफावतीवरून बर्कलीच्या प्रयोगशाळेतला घुसखोर शोधणारे क्लिफर्ड स्टोल खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली लागू झाला, ‘सर्ट-इन’ २००४ साली सुरू झाली.

मग मर्स्कची हकिकत. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे डोमेन कंट्रोलर जगभर एकाच वेळी पुसले गेले होते. ते एकमेकांच्या प्रती जपत. सगळेच एकदम जातील हे कोणी धरलेच नव्हते. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, म्हणून ती डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर हातोहात देऊन इंग्लंडला नेली. वाचवले ते बॅकअपने, तेही योगायोगाच्या.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हाही एटीएमचा व्यवहार मंजूर करणारा निरोप मधल्या मध्ये खोटा दिला गेला. तो निरोप एरवी कसा जातो हे ठाऊक नसलेल्याला ही चोरी दिसणारच नाही.

म्हणून मी तिला संगणक अभियांत्रिकी वर ठेवायला सांगितले. ‘सायबर’ नावाचा अभ्यासक्रम दिसला तर आधी त्यातले विषय वाच, म्हटले: ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस आहेत का? मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या आराखड्यात क्रिप्टोग्राफी आणि सिस्टिम सिक्युरिटी संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षी येते. त्याआधीची दोन वर्षे वाया गेलेली नसतात.

तिचे वडील ऐकत होते. ‘पण कागदावर सायबर लिहिलेलं नसेल, तर नोकरी देणाऱ्याला कळणार कसं?’ प्रश्न खोटा नाही. फी त्यांच्या फेऱ्यांतून जायची आहे. शेवटी ठरले ते असे: पदवी संगणकाची, आणि सुरक्षेचे जादा विषय ऑनर्समधून घ्यायला मिळतील तिथेच. पिल्लई महाविद्यालय गावातलेच, १९९९पासूनचे. त्याचे विषयपत्रक तिने आधी मागवले. बॅकअपचे प्रकरण त्यात कुठल्या पानावर आहे, ते ती अजून शोधते आहे.