गोंदणारणीचा डावा हात

बेळगावजवळच्या कडोलीला मराठी साहित्य संमेलन भरते. चोर्ला घाट चढून मीही एकदा तिथे गेलो होतो. मंडपात शेजारी एक आजी बसल्या होत्या. कपाळावर, हनुवटीवर ठिपके आणि हातावर तुळशीवृंदावन. रंग हिरवट पडलेला, पण रेघ सरळ.

"कोरवीण येत होती बघा. डाव्या हातानं कातडं ताणून धरायची, मग टोचायची. हालू म्हणून देत नव्हती," आजी म्हणाल्या.

हल्ली यंत्रमानव माणसाचे काम घेणार, अशी चर्चा सुरू झाली की मला तो डावा हात आठवतो. दिव्याची काजळी कालवायची, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुयांनी टोचायची, वरून हळद लावायची. साहित्य एवढेच! खरी विद्या खोलीची. रंग एक-दोन मिलिमीटर आत जायला हवा. वरच राहिला तर झडतो, फार खोल गेला तर फुटून पसरतो. आणि मनगटाची कातडी वेगळी, दंडाची वेगळी, म्हातारीची तर त्याहून वेगळी.

यंत्र इथे तसे जुनेच. एडिसनने 1876 साली कागदाला भोके पाडून प्रती काढणाऱ्या विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. तीच कल्पना वापरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी 1891 मध्ये गोंदणयंत्राचे पेटंट मिळवले. आपल्या जत्रांत बॅटरीवर घुर्र करणारे यंत्र घेऊन बसणारे त्याचेच वारस! पण यंत्राने फक्त उजव्या हाताची टोच घेतली. डावा हात आजही कातडी ताणतोच.

2016 साली पॅरिसच्या दोन डिझायनरांनी कारखान्यातल्या यांत्रिक बाहूकडून पायावर गोंदवून दाखवले. त्यासाठी आधी पायाचे त्रिमितीय मोजमाप घ्यावे लागले. पाय हलला की मोजमाप चुकले.

मग कोरवीण गेली कुठे? माझ्या मते तिला यंत्राने हटवले नाही. शाळेत जाणाऱ्या मुलींना गोंदण गावंढळ वाटू लागले, एवढेच पुरे झाले. पुढे तेच गोंदण 'टॅटू' होऊन कळंगुटच्या दुकानांत आले. तिच्या बाजूने सगळेच बोलता येणार नाही. एकाच सुईने गावभर टोचणे म्हणजे कावीळ वाटणे. आज निदान माणसागणिक नवी सुई मागता येते.

आजींच्या नातीनेही बेळगावात यंत्रावर नाव गोंदवून घेतले आहे. आजींनी तिचे मनगट माझ्यापुढे धरले, बोटाने कातडी किंचित ताणली आणि म्हणाल्या, "हितं बघा, जरा फुटलंय."